मी उमटवलेले मरण

मित्रांनो, या, असे जवळ सरकून बसा. माझा आवाज लहान आहे. लाकडाचा आहे, आणि बऱ्याच वर्षांत कोणी तो ऐकलेला नाही. मी तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. तो शूर नव्हता, हुशारही बेताचाच होता, पण एकदा कोणाचा झाला की मग त्याचाच राहायचा. गोष्ट सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तरी अर्ध्यावरून उठू नका.

मी एक जुना शिक्का आहे. बोटाएवढा लांब, तळाशी गोल. तळावर 'होरिता' हे आडनाव उलटे कोरलेले आहे. आमच्याकडे माणूस सही करत नाही, शिक्का उमटवतो. एकदा लाल ठसा कागदावर बसला की शब्द दिला म्हणून समजायचे. मग तो मागे घेता येत नाही.

माझा जन्म तोयामा शहरातला. पुलाजवळच्या एका अंधाऱ्या दुकानात एक म्हातारा कारागीर बसायचा. त्याने मला त्सुगे नावाच्या पिवळसर, घट्ट लाकडातून कापले, सहाणेवर घासले, आणि मांडीवर धरून आठ दिवस कोरले. होरिता सेइजी तेव्हा वीस वर्षांचा होता. वडिलांचा औषधे विकण्याचा धंदा त्याच्याकडे आला होता आणि त्याला स्वतःचा शिक्का हवा होता. मला हातात घेऊन त्याने फिरवून फिरवून पाहिले आणि विचारले, की बाजूला खाच कशी नाही? साध्या शिक्क्यांना बाजूला एक खाच असते. न बघता बोट तिच्यावर ठेवले की नाव सुलटे उमटते.

कारागीर म्हणाला, "खाच मुद्दामच नाही पाडली. रोज उमटवायचा शिक्का वेगळा, आणि हा वेगळा. हा उमटवण्याआधी माणसानं उलटा करून बघावं, नाव कुठं आहे ते शोधावं. तेवढा वेळ हात थांबतो. थांबलेला बरा असतो."

सेइजीला ते आवडले. त्याने मला कोटाच्या आतल्या खिशात ठेवले, छातीशी. पुढची पस्तीस वर्षे माझे घर तेच.

ती पहिली वर्षे फार चांगली गेली, बरं का. पाठीवर वेताच्या पेट्या, त्यावर निळे फडके, आणि पायाखाली डोंगरातल्या वाटा. तोयामाचे औषधवाले वर्षातून एकदा घरोघर जातात, जुनी औषधे काढून नवी ठेवतात. सेइजी कोणाच्याही ओसरीच्या कडेला टेकायचा, चहा प्यायचा, आणि ऐकायचा. कोणाचा खोकला गेला नाही, कोणाची सून रुसून माहेरी गेली, सगळे त्याला ठाऊक असायचे. मुलांना तो कागदाचे फुगे द्यायचा. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, "औषध राहू दे, तू बस जरा." बोलणाऱ्याला मध्ये तोडायचे नाही, हे तो तिथेच शिकला.

तोयामात त्याची बायको हारुए होती, आणि सहा वर्षांची मुलगी किमी.

युद्धाच्या शेवटच्या ऑगस्टमध्ये तो डोंगरात होता. खालून धूर दिसला. दोन दिवस चालून तो शहरात आला तेव्हा शहर नव्हते. नदीचा काठ मात्र होता, आणि काठावर माणसे मांडून ठेवलेली. तो तीन दिवस त्या काठाने चालला. प्रत्येक चेहऱ्यापाशी वाकायचा, आणि वाकला की मी खिशातून त्याच्या छातीवर आपटायचो. हारुए सापडली नाही. किमी सापडली नाही. चौथ्या दिवशी तो एका दगडावर बसला, आणि शेजारी बसलेल्या माणसाने त्याला विचारले, "तुम्ही औषधवाले होरिता ना? घरोघर फिरता. माझा भाऊ कुठं दिसला का हो?"

तिथून त्याचा नवा धंदा सुरू झाला. लोक त्याला नंतर खासगी गुप्तहेर म्हणू लागले, आणि हे नाव ऐकले की त्याला लाज वाटायची. ना टोपी, ना भिंग. पत्र्याच्या खोलीबाहेर त्याने एक पाटी लावली होती: 'हरवलेल्यांचा शोध घेऊन मिळेल. होरिता.' तेव्हा देशभर माणसे हरवलेली होती. मांचुरियातून, दक्षिणेच्या बेटांवरून बोटी भरभरून परत येत होत्या, आणि बंदरावर उतरलेला माणूस आपले गाव शोधायचा तर गाव त्याला शोधायचे. सेइजी ओसरीवर टेकायचा आणि ऐकायचा. शोध लागला की तो कागद लिहायचा. मग मला बाहेर काढायचा, उलटे करून पाहायचा, लाल शाईच्या लगद्यात बुडवायचा आणि नावाच्या शेवटी उमटवायचा. लोक तो कागद दोन्ही हातांनी कपाळाला लावायचे. मला तेव्हा फार अभिमान वाटे. लाकडालाही गर्व होतो, मित्रांनो.

तो उतरलाही लवकरच.

लग्न ठरवण्याआधी आमच्याकडे मुलीच्या घराण्याची चौकशी करवून घेतात. शेजारचा एक वाणी मुलाच्या लग्नासाठी अशी चौकशी करायला आला. सेइजीने होय म्हटले. मुलीच्या गावी जाऊन तो नेहमीसारखा एका ओसरीवर टेकला. एका आजीने त्याला मुळ्याचे लोणचे दिले, चहा दिला, आणि आवाज न चढवता सांगितले, की मुलीचा काका पंधरा वर्षांपूर्वी बेटावर नेला. बेटावर म्हणजे काय, ते सांगावे लागत नाही. महारोग्यांना ठेवण्याची जागा. एकदा गेलेला माणूस परत यायचा नाही, आणि त्याच्या घराशी कोणी सोयरीक जोडायचे नाही.

सेइजीने खरे तेच लिहिले. मी खरेच उमटवले. लग्न मोडले. गोष्ट गावभर झाली. दोन महिन्यांनी सेइजी काही निमित्त काढून त्या गावी गेला, तर त्या घराच्या दाराला आडव्या फळ्या ठोकलेल्या होत्या. घरची माणसे कुठे गेली म्हणून विचारले, तर कोणालाच माहीत नव्हते. चहा देणारी आजी त्याला बघून दार लावून आत गेली. परतीच्या वाटेवर त्याने एकदाही मला हात लावला नाही. त्यानंतर लग्नाची चौकशी त्याने कधी घेतली नाही. फक्त हरवलेले शोधायचा.

आता योनेआजीकडे येऊ.

सेइजीला एकच ओढ होती, आणि ती म्हणजे देवळातली गायलेली प्रवचने. आमच्या भागात आमिदा बुद्धाचे भक्त फार. पंथाच्या आद्य आचार्यांच्या पुण्यतिथीच्या सप्ताहात प्रवचनकार उंच आसनावर बसतो, हातात मिटलेला पंखा. आधी साधे बोलतो, घरातल्या माणसासारखे. बोलता बोलता आवाज कधी सुरात चढतो ते कळत नाही. सूर थांबला की सगळे देऊळ एका श्वासात 'नामु आमिदा बुत्सु', म्हणजे आमिदा बुद्धाला शरण, असे म्हणते. ते ऐकताना अंगावर काटा येतो, आणि मला तर अंगही नाही. नदीकाठी न रडलेला सेइजी तिथे रडायचा.

त्या वर्षी तो मिझुहामा या कोळ्यांच्या गावातल्या देवळात गेला होता. प्रवचनकार एका चिक्कू भिक्षूची गोष्ट सांगत होता. चोरून खाल्लेली तांदळाची वडी त्याच्या दाताला चिकटली होती आणि त्याला नामस्मरण करता येईना. सगळे पोट धरून हसत होते, आणि सेइजी खाली मान घालून रडत होता. शेजारच्या म्हातारीने त्याला कोपराने ढोसले.

"अहो, इथं हसायचं असतं. रडायची जागा पुढं आहे. मी सांगीन."

आणि खरेच, पुढे ती जागा आली तेव्हा तिने पुन्हा ढोसले. "आता रडा." स्वतः मात्र रडली नाही. नाक ओढून म्हणाली, की दरवर्षी तीच गोष्ट सांगतो, पण गळा चांगला आहे मेल्याचा.

ती मुराई योने. पाठ वाकलेली, खांद्यावर कावड घेऊन मासे विकणारी. ओळख झाली, आणि सेइजी काय करतो हे तिला कळले. मग त्याला घरी घेऊन गेली.

तिचा मुलगा शोसाकु दक्षिणेकडे लढायला गेला होता. युद्ध संपण्याआधी त्याच्या नावाची अस्थींची पांढरी पेटी आली. तिने पेटी उघडली तर आत अस्थी नव्हत्या. एक गुळगुळीत दगड होता. तेव्हापासून पाच वर्षे ती रोज सकाळी त्याचे ताट वाढत होती. परगावी गेलेल्या घरच्या माणसासाठी आमच्याकडे असे ताट मांडतात. रश्श्याच्या वाटीवर झाकण ठेवतात, आणि झाकणाच्या आतून थेंब जमले की माणूस जिथे आहे तिथे सुखरूप आहे असे मानतात.

"थेंब जमतात का?" सेइजीने विचारले.

"गरम रश्श्यावर झाकण ठेवलं तर थेंब जमणारच की," योनेआजी म्हणाली. "मी म्हातारी आहे, वेडी नाही."

तिची मुलगी तोमे जाळे शिवत बसली होती. ती हसली आणि पुन्हा खाली पाहू लागली. योनेआजी मग हळू आवाजात, सेइजीला मानाने होरितासान म्हणत बोलली, आणि ते बोलणे मी आजवर विसरलो नाही.

"मेलेल्याला बुद्धापुढं भाताची मूद ठेवायची आणि जिवंताला ताट वाढायचं. मी ताट वाढतेय. तो मेला असेल, होरितासान, तर पाच वर्षं तिकडं उपाशी आहे. आणि जिवंत असेल आणि मी मूद ठेवली, तर मग मीच मारला त्याला. मला एवढंच कळू दे, की काय वाढू."

सेइजीने तिला शब्द दिला. शोधीन, आणि जे असेल ते तुमच्यासमोर बसून सांगीन.

त्याला अकरा महिने लागले. शोसाकुच्या तुकडीतली माणसे विखुरली होती. कोणी खाणीत, कोणी तुरुंगात, कोणी बाटलीत. शेवटी ताकाओकात एक सुतार भेटला. एक हात युद्धात गेलेला, आणि तरी सुतारकी करणारा. तो म्हणाला, की ठोकताना खिळा बायको धरते, म्हणून आमच्यात भांडण होत नाही. थट्टा संपली तशी त्याने मान फिरवली आणि सांगितले. पेटी चुकून गेली होती. शोसाकु त्याच्याच बोटीतून परत आला होता. बंदरावर रांग होती. डॉक्टरने शोसाकुची बाही वर केली, दंडावरचा डाग पाहिला, सुई टोचली. शोसाकुला ती कळलीच नाही, महारोगाचा डाग बधिर असतो. मग दोन माणसे त्याला वेगळ्या दाराने घेऊन गेली. सुताराने हे कोणालाच सांगितले नव्हते. कारण तो मित्र होता.

सेइजी ओसाकाची गाडी धरून, पुढे दुसरी गाडी, मग होडी, असा सेतोच्या समुद्रातल्या त्या बेटावर पोहोचला. तिथल्या कचेरीत मुराई शोसाकु नावाचा कोणी नव्हता. असायचाच नाही. तिथे पाऊल ठेवताच माणूस आपले नाव टाकून उसने नाव घेतो, म्हणजे घरच्यांना डाग लागत नाही. सेइजीने साल सांगितले, बंदर सांगितले. एक माणूस भेटीच्या खोलीत आला. मध्ये लाकडी कठडा होता. त्याने आपले नाव हारा किइची म्हणून सांगितले. भुवया नव्हत्या, बोटे आखडलेली. बोलणे मात्र आमच्या किनाऱ्याचे.

सेइजीने त्याला काही विचारले नाही. एवढेच सांगितले, की मिझुहामाला मुराई योने नावाच्या बाई रोज सकाळी एक जास्तीचे ताट वाढतात.

तो माणूस कठड्याकडे बघू लागला. मग म्हणाला, "वाटीवर झाकण ठेवते का अजून?"

सेइजीने मान डोलावली.

शोसाकुने मग सगळे विचारले. पाठ किती वाकली, कावड अजून उचलते का, देवळात पुढे बसते का. तोमेचे लग्न एका शाळामास्तराशी ठरते आहे, हे सेइजीच्या तोंडून गेले, आणि शोसाकुचा चेहरा बंद झाला.

"आईला सांगा, मेला."

सेइजी म्हणाला, "मी खोटं लिहीत नाही."

"मग खरं लिहा." तो हसला. "मास्तराच्या घरचे चौकशी करतीलच. तुमच्यासारखाच कोणी तरी येईल. दारात टेकेल, चहा घेईल. चांगला माणूस असेल तो. आणि खरं तेच लिहील."

मित्रांनो, सेइजीचा हात कोटावर गेला. माझ्यावर. मला वाटले, मला काढून समुद्रात फेकतो की काय. पण त्याने मला फक्त घट्ट धरले. त्या फळ्या ठोकलेल्या दाराबद्दल शोसाकुला काही ठाऊक नव्हते. सेइजी तिथे बसून त्याच दाराकडे पाहत होता.

त्याने एक मार्ग सुचवून पाहिला. कागदावर काही लिहू नये, फक्त आईच्या कानात सांगावे. शोसाकु नाही म्हणाला. आईला कळले तर ती दुसऱ्या दिवशी कावड खाली ठेवून इकडे निघेल. कोणी थांबवू शकणार नाही. आणि कोळ्याची म्हातारी कुठे जाते, हे गावाला विचारावे लागत नाही. सेइजीला पटले. योनेआजीला तोही ओळखत होता.

घरी आल्यावर तीन दिवस तो कोऱ्या कागदासमोर बसला. चौथ्या दिवशी सकाळी त्याने लिहिले: मुराई शोसाकु अमुक टेकडीवर, अमुक दिवशी मरण पावला, त्याच्या सोबत्याने पाहिले. मग मला काढले. उलटे केले. नाव कुठे आहे ते त्याने शोधले, आणि सापडल्यावरही शोधतच राहिला. हात थांबला. फार वेळ थांबला. मी मनात म्हणालो, नको. पण लाकडाचे कोण ऐकतो? तोयामाच्या त्या म्हाताऱ्याने खाच पाडली नव्हती, तेवढेच त्याच्या हातात होते. थांबून पाहूनही माणूस जे करायचे तेच करतो, हे त्याने सांगितले नव्हते.

मी उमटलो. स्वच्छ, गोल, लाल.

योनेआजीला वाचता येत नव्हते. सेइजीने तिच्यासमोर बसून वाचून दाखवले. शब्द दिला होता ना, समोर बसून सांगीन म्हणून. तोमे तोंडात बाही कोंबून रडू लागली. योनेआजीने एकच प्रश्न केला.

"जवळ कोणी होतं का?"

"होतं," सेइजी म्हणाला. "दोघं होते. एकानं हात धरला होता."

"मग बरं." तिने कागदावरून बोट फिरवले, अक्षरे सोडून थेट माझ्या ठशापर्यंत. "पेटीबरोबर आलेल्या सरकारच्या कागदावरही शिक्का होता, होरितासान. मोठा चौकोनी. त्याच्यावर माझा विश्वास बसला नाही. तुमच्यावर बसतो. तुम्हाला मी रडताना पाहिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शोसाकुचे ताट धुऊन, पुसून माळ्यावर ठेवले. बुद्धापुढे भाताची छोटीशी मूद ठेवली. तिसऱ्या प्रहरी ती देवळात गेली आणि पहिल्यांदाच, म्हणतात, प्रवचनातल्या रडायच्या जागी रडली.

वसंतात तोमेचे लग्न झाले. मास्तराच्या घरून माणूस आला होता. ओसरीवर टेकला, चहा प्यायला, ऐकून गेला. मुलगा युद्धात गेला, सोबत्याने पाहिले, कागद आहे. कागद पाहून तो माणूस उठला आणि त्याने कागदाला नमस्कार केला. सगळे शोसाकुने म्हटले तसेच घडले.

योनेआजी मात्र बदलली. आजारी नव्हती. कावड उचलायची, मासे विकायची. पण शेजारणी सेइजीला सांगायच्या, की पूर्वी ही पहाटे सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवायची, कारण शोसाकुचे ताट आधी. आता उन्हे आली तरी पडून असते. एकटीसाठी काय करायचे, म्हणते. सेइजी दर महिन्याला जायचा. काही ना काही न्यायचा. ती त्याची थट्टा करायची, की तुम्ही औषधवाले होता तेच बरे होते, निदान कागदी फुगा तरी मिळाला असता. निघताना तो दारात थांबायचा. आता सांगील, आता सांगील, असे मला प्रत्येक वेळी वाटायचे. तोमेला दिवस गेले होते. तो सांगायचा नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतल्या मोठ्या बर्फात, योनेआजी गेली. नाम घेत गेली. तोमेला तिने सांगितले, की घाबरू नको, शोसाकु पुढे गेलाय, तो जागा धरून ठेवील.

एप्रिलमध्ये बेटावरून पत्र आले. पत्राला औषधाचा वास होता. तिथून निघणारे प्रत्येक पत्र औषधाच्या वाफेत धरतात. अक्षर वाकडे, मोठे. शोसाकुने लिहिले होते, की नवी सुई आली आहे, अमेरिकेकडची. दीड वर्ष घेतोय. डॉक्टर म्हणतात, अंगात जंतू उरला नाही. बेटाबाहेर सोडत नाहीत, कायदा तसा आहे, पण माझ्यापासून आता कोणाला काही होणार नाही. तोमेला मूल झाल्याचे तुम्ही मागच्या पत्रात कळवलेत. आता तिचे काही मोडणार नाही. होरितासान, आईला एकदा आणाल का? बेटावर नको. होडीतूनच. मी धक्क्यावर उभा राहीन. तिने होडीतून पाहावे आणि जावे. मी टोपी घालीन, म्हणजे तिला भुवया दिसणार नाहीत.

सेइजीने ते पत्र किती वेळा वाचले ते मी मोजले नाही. उत्तर त्याने लिहिले नाही. तो स्वतः गेला.

होडी लागली तेव्हा शोसाकु धक्क्यावर उभा होता. टोपी घातलेली. त्याने होडीत एकच माणूस पाहिला आणि टोपी काढून हातात घेतली.

"कधी?"

"फेब्रुवारीत."

सेइजी तिथेच धक्क्याच्या दगडांवर गुडघे टेकून वाकला, कपाळ खाली लागेपर्यंत. मी त्याच्या छातीत आणि दगडात दाबला गेलो. क्षमा मागण्याचीही त्याला लाज वाटली. शोसाकुने आपल्या आखडलेल्या बोटांनी त्याला खांद्याला धरून उठवायचा प्रयत्न केला. बोटांना पकड नव्हती.

"उठा. मीच सांगितलं होतं ना तुम्हाला," तो म्हणाला. आणि मग, समुद्राकडे बघत, "तुम्ही फार चांगलं लिहिलं असणार. तिला पटलं."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सेइजीला सोपे गेले असते.

त्यानंतर सेइजीने पाटी काढली. मला पुन्हा कधी शाईत बुडवले नाही. तो एका गोदामात राखणदार झाला. पण दर फेब्रुवारीत, बारा वर्षे, एक वर्षही न चुकवता, तो बेटावर जायचा. मिझुहामाचे सुके मासे न्यायचा. दोघे कठड्याच्या दोन बाजूंना बसून योनेआजीचे नाव घ्यायचे. सेइजी आठवेल तसे प्रवचन गायचा, आणि शोसाकु म्हणायचा, की तुमच्या गळ्यात बेडूक बसलाय, आई असती तर उठून गेली असती. घरी जायची गोष्ट शोसाकुने पुन्हा काढली नाही. कुठल्या घरी? घराण्याच्या सरकारी नोंदीत तो मेलेला होता. त्याच्या गावातले माझे लाल नाव त्याला साक्ष होते.

तोक्योत ऑलिम्पिक झाले त्या वर्षी सेइजी शेवटचा आला. छातीतून रक्त पडायचे. खिशातून त्याने मला काढले आणि कठड्यावर ठेवले. म्हणाला, की माझ्यामागे कोणी नाही. हा समुद्रात टाक, मला ते झालं नाही. शोसाकुने मला घेतले. सेइजी त्याच वसंतात गेला, तोयामातल्या एका धर्मार्थ दवाखान्यात.

शोसाकुने मला समुद्रात टाकले नाही. खिडकीत ठेवले, कारण, तो शेजाऱ्याला म्हणाला, या अख्ख्या बेटावर कोणाचे खरे नाव असलेली वस्तू ही एवढीच आहे. त्यानंतरही तो सतरा वर्षे जगला. तोमेला चार मुले झाली. तिने भावाच्या नावाने दरवर्षी देवळात दान केले. तो कुठे आहे हे तिला कोणी सांगितले नाही.

आता मी कचेरीतल्या एका फडताळात, पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. खोक्यावर हारा किइची असे लिहिलेले आहे. बेटावर मेलेल्यांच्या अस्थी एका घुमटाखाली ठेवतात, आणि तिथेही त्याचे तेच उसने नाव आहे. माझ्यातून लाल रंग निघालेला नाही. कोणी घासलाही नाही, आणि आता घासू नये.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुठे तरी आपले नाव उमटवाल. थांबा, एवढे मी सांगू शकतो. थांबून काय करायचे ते मला आजही कळलेले नाही. खरे उमटवून एक घर उठले, खोटे उमटवून एक आई मुलाला न बघता गेली. प्रवचनकार म्हणायचे, आमिदाच्या देशात सगळे एकाच ठिकाणी भेटतात. तिथे कोणत्या नावाने हाक मारतात, हे त्यांनी सांगितले नव्हते.

म्हणून जाताजाता एक करा. हात जोडाल तेव्हा, ज्या देवापुढे जोडाल त्याच्यापुढे, त्या बेटावरच्या माणसाला त्याच्या खऱ्या नावाने आठवा. मुराई शोसाकु. मिझुहामाच्या योनेचा मुलगा.